कॅसेटसारखं दार नंतर कुठल्याच फॉरमॅटने उघडलं नाही

टेपवेडा: माझं मत स्पष्ट आहे. आधी रेकॉर्ड काढायची म्हणजे एचएमव्ही कंपनीची मर्जी लागायची, ८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि भीमगीतं, पोवाडे, गावच्या देवीची गाणी सगळं बाजारात आलं. प्रल्हाद शिंदेंचा आवाज आमच्या चाळीत टेपमधूनच आला, टेपरेकॉर्डर एकाकडे आणि ऐकायला अख्खा मजला. आता अ‍ॅपवर कोणीही गाणं टाकू शकतो हे खरं, पण स्पॉटिफायचा २०२४ पासूनचा नियम बघा, १२ महिन्यांत १००० वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याचे पैसेच नाहीत. नवीन पोराने काय करायचं?

ढोलकी७२: अजिबात पटलं नाही. माझे वडील ढोलकी वाजवायचे, एका कंपनीसाठी रात्रभर रेकॉर्डिंग केलं, सकाळी हातात एक पाकीट दिलं आणि विषय संपला. ती कॅसेट पुढे कित्येक वर्षं जत्रेत विकली जात होती, आम्हाला रुपया नाही. आतल्या कार्डावर गायकाचा फोटो, कंपनीचा पत्ता, वडिलांचं नाव कुठेच नाही. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कंपनीला लिहून घेता येणार नाही हे कायद्यात यायलासुद्धा २०१२ उजाडलं.

षड्ज: तुम्ही दोघं पैशाचंच बोलताय, गाण्याचं काय झालं ते पण बघा ना. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीत एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं, ख्याल मावायचा कुठे? एलपीवर, म्हणजे लाँग प्ले रेकॉर्डवर, एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली तेव्हा कुठे विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, घरी बसून ऐकता आलं. पण तबकडीच्या तेवढ्या वेळातसुद्धा गायिका केसरबाई केरकरांची भैरवी बघा, साडेतीन मिनिटांचीच आहे आणि १९७७ ला नासाच्या व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. आता ३० सेकंद वाजलं की एक प्ले धरतात, म्हणून सगळे मुखडा आधी घुसवतात. तरी मी अ‍ॅप सोडणार नाही, जुन्या मैफली मला दुसरीकडे कुठे मिळणार होत्या?

टेपवेडा: ढोलकी७२, वडिलांचं वाचून वाईट वाटलं, तो हिशोब मी धरलाच नव्हता. पण कॅसेट नसती तर तो ठेका रेकॉर्ड तरी झाला असता का? टेप असेल तर लवकर कॉपी करून घ्या, बुरशी धरते. आणि अपलोड करताना पहिल्या ओळीत त्यांचं नाव टाका.

ढोलकी७२: केली गेल्या वर्षी कॉपी. नाव टाकून अपलोडही केलं, दोन दिवसांत कंपनीचा कॉपीराइट क्लेम आला आणि व्हिडिओ गेला. आता पेनड्राइव्हमध्ये आहे, आई टीव्हीला लावून ऐकते.