मदत हवी आहे : पक्षाघातानंतर वडिलांचा लघवीवरचा ताबा सुटला आहे

नमस्कार.

गेल्या वर्षी माझ्या वडिलांना पक्षाघात झाला. मेंदूच्या उजव्या बाजूच्या पुढच्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाला होता. हातापायांतली ताकद बरीचशी परतली आहे, परंतु लघवीची घाई एकाएकी होते आणि न्हाणीघरात पोहोचून पायजम्याची नाडी सोडेपर्यंत कपडे ओले होतात. सोनोग्राफीत प्रोस्टेट वाढलेले दिसले नाही, लघवी करून आल्यावर मूत्राशयात फारसे काही उरत नाही आणि जंतुसंसर्गही नाही.

माझ्या वाचनानुसार, मूत्राशय भरत आल्याचा संदेश मज्जारज्जूतून मध्यमेंदूकडे जातो. त्याच्या खाली, मस्तिष्कस्तंभातील पॉन्स या भागात, लघवी सुरू करणारे केंद्र असते. बॅरिंग्टन या संशोधकांनी १९२५ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून त्याचा माग काढला होता. हे केंद्र मूत्राशय आकुंचित करते आणि त्याच वेळी मूत्रमार्गाचा झडपेसारखा स्नायू सैल सोडते, तर योग्य जागा व वेळ मिळेपर्यंत त्याला आवरून धरण्याचे काम मेंदूचा पुढचा भाग करतो. वडिलांचा नेमका हाच भाग दुखावला आहे. खालचा समन्वय शाबूत असल्यामुळे मूत्राशय पूर्ण रिकामे होते, पण आवर राहत नाही, असे मला वाटते. ही समजूत बरोबर आहे का?

नातेवाईक "वय झालं, लक्ष देत नाहीत" असे म्हणतात, ते मला अन्यायाचे वाटते. वडिलांना सारे कळते. म्हणूनच दुपारनंतर ते पाणी पीत नाहीत आणि लग्नकार्याला जाणे त्यांनी बंद केले आहे.

डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिन सुचवले आहे. हे औषध मूत्राशय आकुंचित करणाऱ्या ॲसिटिलकोलीन या रसायनाचा परिणाम रोखते आणि वृद्धांमध्ये त्याने गोंधळ किंवा विस्मरण वाढू शकते. वडिलांची स्मरणशक्ती आधीच कमी झाली असल्याने मला धास्ती वाटते. याच त्रासावरच्या मिराबेग्रॉन या दुसऱ्या औषधाचे कार्य वेगळे असले तरी त्याने रक्तदाब वाढू शकतो, आणि वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे. अशा रुग्णासाठी तुमच्या घरी कोणता निर्णय झाला आणि तो कोणाच्या सल्ल्याने, मेंदूविकारतज्ज्ञांच्या की मूत्ररोगतज्ज्ञांच्या? औषधाआधी ठरावीक वेळाने लघवीला नेण्याची सवय आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम यांनी कोणाला फरक पडला असल्यास, दोन वेळांमधले अंतर कसे वाढवत नेले तेही कृपया सविस्तर लिहावे. येत्या तपासणीत डॉक्टरांशी मी या सर्व गोष्टी बोलणार आहे.