ताठरतेची तक्रार: ऑनलाइन फॉर्म भरला, प्रिस्क्रिप्शन आलं. पण एवढ्यावर गोळी घ्यावी का?

साधा_प्रश्न

लिंगाला ताठरता येते पण टिकत नाही, तक्रार चार-पाच महिन्यांची. वय ४८. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम, दोन्ही रोज चालू. एका ऑनलाइन सेवेवर बारा प्रश्नांचा फॉर्म भरला आणि दुसऱ्या दिवशी ताठरतेच्या सिल्डेनाफिल ५० मिलिग्रॅम गोळीचं प्रिस्क्रिप्शन तयार. ना फोन, ना व्हिडिओ कॉल. 'चालू औषधं' या रकान्यात दोन्ही नावं लिहिली होती, त्यावर कोणी काही विचारलं नाही. गोळ्या अजून मागवलेल्या नाहीत.

नुसत्या फॉर्मवर हे औषध देतात का? आधी कोणत्या तपासण्या करायच्या? आणि सिल्डेनाफिल की त्याच गटातली टाडालाफिल, हे कशावरून ठरतं? 'सरळ दवाखान्यात जा' असं सांगणार असाल तर कृपया कारणही लिहा.

खलबत्ता

मागवल्या नाहीत ते बरं केलंत.

फॉर्म वाईट नसतो. समोरासमोर जे तोंडातून निघत नाही ते माणूस लिहून मोकळा होतो. पण लिहिलेलं कोणीतरी वाचायला हवं ना. तुमच्या फॉर्ममध्ये टॅम्सुलोसिन दिसल्यावर उलट प्रश्न यायलाच हवा होता. ते अल्फा-ब्लॉकर गटातलं औषध. रक्तवाहिन्या सैल करतं. सिल्डेनाफिलही तेच करतं, वेगळ्या वाटेने. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब एकदम उतरू शकतो, त्यातही आडवं असताना पटकन उठलं तर. मग चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, कधी घेरी येऊन पडणं. टॅम्सुलोसिन त्या गटात सौम्य, डॉक्साझोसिन आणि टेराझोसिनची धास्ती जास्त. म्हणजे सोबत चालतच नाही असं नाही. टॅम्सुलोसिनचा डोस आधी स्थिरावलेला असावा आणि सिल्डेनाफिलची सुरुवात ५० ऐवजी २५ पासून व्हावी. दोन्हींच्या वेळांत काही तासांचं अंतर ठेवलेलं बरं.

सेवेला परत लिहा आणि सोबत आकडे द्या: टॅम्सुलोसिन किती महिने चालू आहे, दिवसातून कधी घेता, पाच मिनिटं शांत बसल्यावर रक्तदाब किती, उभं राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी किती. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरत असेल, तर आधी त्याचा बंदोबस्त. या निरोपाला डॉक्टरचं उत्तर न येता 'ऑर्डर पूर्ण करा' अशी आठवण आली, तर ती सेवा सोडा.

आता नायट्रेट, म्हणजे छातीत दुखण्यावरची औषधं, आणि तितकीच धोक्याची बाकीची. इथे मात्र पूर्ण बंदी. जिभेखालची किंवा फवाऱ्यातली नायट्रोग्लिसरीन, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट आणि डायनायट्रेट, निकोरँडिल, नशेसाठी हुंगतात ते 'पॉपर्स', आणि फुप्फुसाच्या रक्तदाबावरचं रिओसिग्वाट. फॉर्म विचारतो 'रोज कोणती औषधं घेता', आणि जिभेखालची गोळी तर रोजची नसते, ती पाकिटात पडून असते. म्हणून ती लिहायची राहून जाते. त्याशिवाय क्लॅरिथ्रोमायसिन, केटोकोनाझोल, इट्राकोनाझोल, रिटोनाविर यांनी सिल्डेनाफिलचं रक्तातलं प्रमाण चांगलंच वाढतं. बुरशीवरचा चार दिवसांचा कोर्स असला तरी सांगायचा.

सिल्डेनाफिल की टाडालाफिल, हे मुख्यतः वेळेवरून ठरतं. सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी घ्यायची, परिणाम चारेक तास. टाडालाफिलचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहतो, त्यामुळे घड्याळ बघत बसावं लागत नाही. ती गरजेपुरती १० किंवा २०, नाहीतर रोज २.५ ते ५ मिलिग्रॅम अशीही देतात. डोकेदुखी, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, जळजळ हे दोन्हींचं. दृष्टीला निळसर झाक येणं हे सिल्डेनाफिलचं, पाठ आणि मांड्या दुखणं हे जास्त करून टाडालाफिलचं. तुमच्यासाठी एक मुद्दा: रोजची टाडालाफिल ५ प्रोस्टेटच्या लघवीच्या तक्रारीवरही वापरतात. हे वाचून ती टॅम्सुलोसिनच्या जोडीला स्वतःच सुरू करू नका, रक्तदाबाचा प्रश्न तिथेही तोच. एकाच्या जागी दुसरं चालेल का, हे मात्र डॉक्टरला जरूर विचारा.

रोखठोक

कारण मागितलंत म्हणून लिहितो. कॅमेऱ्यातून हात लावून तपासता येत नाही. ताठर असताना लिंग वाकडं होत असेल, आत गाठ किंवा कडक पट्टा लागत असेल, ओटीपोटाला मार लागल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल, वृषण लहान झाले असतील किंवा छातीची वाढ झाली असेल, तर प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही. दोन जिने चढताना छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तरीही नाही. तिथे आधी हृदय तपासायचं, संभोग आणि गोळी दोन्ही नंतर. यातलं काहीच नसेल तर ऑनलाइनला हरकत नाही.

नाडीपरीक्षा

@रोखठोक, सहमत. मधुमेह असेल तर पायांची संवेदना आणि नाड्याही एकदा प्रत्यक्ष बघितलेल्या बऱ्या. ते कुठल्याही नेहमीच्या मधुमेह तपासणीत होतं, तिथे लैंगिक तक्रारीचा विषय काढावाच लागतो असं नाही.

तपासण्यांचं. लिंगाच्या धमन्या १ ते २ मिलिमीटर रुंद, हृदयाच्या ३ ते ४. आतून थर साचू लागला की अरुंद नळी आधी तक्रार करते. ताठरतेची तक्रार छातीत दुखायच्या काही वर्षं आधी दिसू शकते ती यामुळेच. तेव्हा गोळी लागू पडली म्हणून तपासण्या टाळायच्या नाहीत. तुमच्यासाठी यादी अशी:

- एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि उपाशीपोटीची साखर
- लिपिड प्रोफाइल
- क्रिएटिनिन. मूत्रपिंड मंदावलेलं असेल तर औषध शरीरात जास्त वेळ राहतं. फारच मंदावलं असेल तर सिल्डेनाफिल २५ पासूनच, आणि रोजची टाडालाफिल देत नाहीत
- टोटल टेस्टोस्टेरॉन. रक्त सकाळी ८ ते ११ च्या दरम्यान, उपाशीपोटी द्यायचं
- बी१२. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर हे घटतं, आणि नसांच्या बिघाडात भर पडते

टेस्टोस्टेरॉनमध्ये हमखास गोंधळ होतो. ते सकाळी जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं. दुपारी चारला रक्त दिलं तर धडधाकट माणसाचाही आकडा कमी दिसू शकतो. कमी आलंच तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी करायचं. पुन्हा कमी आलं तर एलएच आणि प्रोलॅक्टिन या मेंदूतल्या ग्रंथीच्या हार्मोनची तपासणी. एका दुपारच्या रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन किंवा जेल देणाऱ्यापासून लांब राहा. बाहेरून हार्मोन दिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं आणि शुक्राणू घटतात. मूल हवं असेल त्याला हे फार महागात पडतं.

सल्ल्याआधी आयआयईएफ-५ ही ताठरता मोजायची प्रश्नावली भरून ठेवा. गेल्या सहा महिन्यांबद्दल पाच प्रश्न, कमाल २५ गुण. २२ किंवा जास्त म्हणजे ठीक, १७ ते २१ सौम्य, १२ ते १६ सौम्य ते मध्यम, ८ ते ११ मध्यम, त्याखाली तीव्र. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भरली की औषधाने किती फरक पडला ते आकड्यात कळतं. शिवाय पहाटे ताठरता येते का, तेही लिहा. पहाटे नीट येते आणि फक्त जोडीदारासोबत जाते, तर मामला बराचसा मनाचा असतो, आणि समुपदेशनाचा भाग ऑनलाइन छान होतो. पहाटेचीही गेली असेल तर रक्तवाहिन्या, नसा, हार्मोन यांच्याकडे बघायचं.

रक्तदाबाच्या थायझाइड किंवा बीटा-ब्लॉकर गोळ्या, नैराश्यावरच्या एसएसआरआय, केसांसाठी घेतलेली फिनास्टेराइड, यांनीही ही तक्रार होऊ शकते. पण स्वतःहून बंद करायच्या नाहीत. बदलून मिळतील का, हे विचारायचं.

साधा_प्रश्न

खूप उपयोगी. रक्तदाबाचे आकडे आणि तपासण्या करूनच पुन्हा लिहितो त्यांना. अजून एक: गोळी घेऊन काहीच झालं नाही तर औषध चुकलं असं समजायचं का?

खलबत्ता

इतक्यात नाही. बऱ्याचदा औषध बरोबर असतं आणि घेण्याची पद्धत चुकते.

पहिली चूक, गोळी घेऊन वाट बघत बसणं. ही गोळी इच्छा निर्माण करत नाही आणि आपोआप ताठरताही आणत नाही. उत्तेजनेने शरीरात जो संदेश तयार होतो तो लवकर विझू नये, एवढंच तिचं काम. संदेशच नसेल तर ती टिकवणार काय?

दुसरी, भरल्या पोटी सिल्डेनाफिल. तेलकट-तुपकट जेवणावर घेतली की परिणाम तासभर पुढे ढकलला जातो आणि थोडा कमीही होतो. टाडालाफिलला जेवणाचा फरक पडत नाही, पण तिला दोन तास द्या. दारू जास्त झाली तर दोन्ही बिचाऱ्या हतबल, वर रक्तदाब आणखी उतरतो.

तिसरी, एका प्रयत्नात निकाल लावणं. पहिल्या वेळी धाकधूक असते. वेगवेगळ्या दिवशी सहा ते आठ वेळा, नीट पद्धतीने, सोसेल त्या कमाल डोसवर घेऊनही उपयोग नसेल, तेव्हाच औषध निकामी म्हणतात. डोस २५, ५०, १०० असा वाढतो, पण डॉक्टरला कळवून. तुम्ही तर प्रत्येक पायरीला उभं राहून रक्तदाब मोजायचा. २४ तासांत एकच गोळी. अर्ध्या तासात काही झालं नाही म्हणून दुसरी नाही.

जुन्या मधुमेहात नसाच दुखावलेल्या असतील तर गोळीचं यश कमी असतं. पुढे व्हॅक्युम पंप (त्याची रिंग ३० मिनिटांच्या वर ठेवायची नाही), मग लिंगात द्यायचं अल्प्रोस्टाडिलचं इंजेक्शन, शेवटी शस्त्रक्रियेने इम्प्लांट. इंजेक्शनचा पहिला डोस दवाखान्यातच द्यायचा असतो, कारण ताठरता उतरलीच नाही तर तिथे उपाय करता येतो.

पाकीट_उलटून_बघा

मागवताना एवढं बघा. प्रिस्क्रिप्शन न मागता हे औषध विकणारी साइट उघडली तशी बंद करा. प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा, म्हणजे तो पडताळता येतो. पट्टीवर औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, बॅच क्रमांक, मुदत आणि उत्पादक हवा. सुट्ट्या गोळ्या पिशवीत आल्या तर घेऊ नका. 'शंभर टक्के वनौषधी, तासाभरात गुण' या जाहिरातींपासून तर चार हात लांब. अशा पुड्यांमध्ये न सांगता सिल्डेनाफिल किंवा त्याचे भाऊबंद घातलेले सापडले आहेत, आणि नायट्रेट घेणारा माणूस 'साधी जडीबुटी' म्हणून नेमकं तेच गिळतो. गोपनीयतेसाठी खोकं साधं येईल का आणि बिलावर काय छापतात, ते आधी विचारा. मोबाइल घरात सगळे वापरत असतील तर ॲपचे नोटिफिकेशनही बंद करा.

खलबत्ता

राहिलेलं एक. ताठरता चार तासांहून जास्त टिकली, एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं किंवा कानाने ऐकू येईनासं झालं, तर ऑनलाइन चॅट उघडू नका, तडक इस्पितळ गाठा. छातीत दुखलं तरी तेच, आणि तिथे पोचल्या पोचल्या कोणती गोळी किती वाजता घेतली ते सांगा. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास तुम्हाला नायट्रेट देऊ नये, हे त्यांना त्यावरूनच कळणार.