अनुभव धागा: चारचौघांत इन्सुलिन कसं घेता?

ऑफिसचा डबा, लग्नाची पंगत, एसटी, रेल्वे. जेवणाआधीचं इन्सुलिन अशा वेळी कुठे आणि कसं घ्यायचं, ते नेमकं लिहा. डोस किती, हे ज्याचे त्याचे डॉक्टर ठरवतील.

*

आधी एवढंच सांगते, लपून घ्यायला संडासात जाऊ नका. इन्सुलिनचं पेन (सुई लावून टोचायचं पेनासारखं साधन) ठेवायला कोरडी जागा नसते, उजेड नसतो आणि घाईघाईत सुई लगेच उपसली जाते. बटण तळापर्यंत दाबलं की मनात १० अंक मोजायचे, मगच सुई बाहेर काढायची. नाहीतर कातडीवर थेंब दिसतो. तेवढं औषध अंगात गेलेलंच नसतं. जेवायच्या जागीच घ्या. सुई ४ मिमीची असेल तर मोठ्या माणसांना सहसा चिमट धरावी लागत नाही: एका हाताने कुर्ता वर, दुसऱ्याने पेन सरळ ९० अंशांत, बेंबीपासून दोन-तीन बोटं सोडून. कोणी विचारलंच तर "जेवणाआधीचं औषध" एवढं उत्तर पुरतं.

*

साडीत पदराचा आडोसा आयता मिळतो. पण कपड्यावरून टोचू नये. जागा दिसत नाही, सुई पूर्ण शिरली का तेही कळत नाही. आणि लोकांत सोपी पडते म्हणून रोज तीच जागा धरली की तिथे गाठ येते. गाठीत टोचलेलं दुखत नाही, म्हणून ती जागा आणखी आवडते! पण तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही आणि शुगर कारण नसताना वरखाली होते. बोटांनी चाचपून पाहा, दर वेळी बोटभर सरका.

*

पंगतीत लिस्प्रो, अस्पार्टसारखं झटपट काम करणारं इन्सुलिन पान वाढल्यावरच घ्यावं. साधं रेग्युलर अर्धा तास आधी लागतं आणि लग्नघरी अर्ध्या तासाचा भरवसा कोण देणार? आहेर लांबले की शुगर लो. खिशात ग्लुकोज पावडर किंवा साखर हवीच; ३ चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शेजारच्या एकाला तरी माहीत असू द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना.

*

प्रवासात पेन अडलं तर कार्ट्रिजमधून (पेनातली औषधाची नळी) लाल टोपीच्या सिरिंजने ओढू नका. ती सिरिंज एका मिलिलिटरला ४० युनिट असलेल्या बाटलीसाठी असते, कार्ट्रिजमध्ये मिलिलिटरला १०० असतात. अडीचपट डोस जाईल.

*

दुधाळ प्रीमिक्स (झटपट आणि सावकाश काम करणारं एकत्र मिसळलेलं इन्सुलिन) असेल तर पेन तळहातांत १० वेळा घोळवा, १० वेळा उलटसुलट करा. गदागदा हलवू नका. मग २ युनिट हवेत सोडून थेंब दिसतोय का बघा. सुई पेनला लावून पर्समध्ये टाकली की हवा शिरते, बुडबुडे होतात. वापरलेली सुई हॉटेलच्या ताटात किंवा गाडीच्या कचऱ्यात नको, सफाई करणाऱ्याच्या हाताला टोचते. जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची छोटी बाटली बॅगेत ठेवा. भरली की दवाखान्यात विचारून तिथे द्या.