मदत हवी आहे: बेसिक 50 टक्के करायचाच का? (श्रम संहिता, जानेवारीचा पगार)

पगारपत्रक_34

कारखान्यात 34 जण पगारावर आहेत आणि आणखी काही जण 11 महिन्यांच्या करारावर. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही श्रम संहिता (केंद्राचे नवे कामगार कायदे) लागू झाल्यावर आमचे सल्लागार म्हणतात, "सगळ्यांचा बेसिक एकूण पगाराच्या निम्मा करून टाका, विषय संपला." जानेवारी 2026 चा पगार काढायच्या आधी हे नक्की करायचं आहे. एका कर्मचाऱ्याची मांडणी अशी: बेसिक 14,000, एचआरए (घरभाडे भत्ता) 7,000, वाहनभत्ता 3,000, स्पेशल अलाउन्स 16,000. एकूण 40,000. पीएफ आजवर बेसिकवर, म्हणजे 1,680. सहा वर्षं सेवा.

1. बेसिक 20,000 केला की पुरे का?
2. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम), पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कशावर धरायचं?
3. दोन दिवसांत हिशेब चुकता करायचा म्हणतात, ते राजीनामा दिलेल्यालाही लागू आहे का?

कलम_दोन_वाय

बेसिक निम्मा असलाच पाहिजे असं संहितेत कुठेच म्हटलेलं नाही. अर्धा गोंधळ त्या एका गैरसमजातून झालाय.

चारपैकी वेतन संहितेत "वेतना"ची जी व्याख्या आहे ती उलट्या बाजूने वाचा. मोबदला म्हणून जे जे देता ते सगळं वेतन, फक्त यादीत नाव घेऊन वगळलेलं सोडून. वगळलेल्यांत एचआरए, वाहनभत्ता, मालकाचा पीएफ हिस्सा, ओव्हरटाइम, कमिशन, कायद्याने देय बोनस, कामाच्या खास खर्चाची भरपाई वगैरे येतात. या वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरचा भाग परत वेतनात मिळवायचा. ग्रॅच्युइटी आणि नोकरकपातीची भरपाई वगळलेली आहे, पण या 50 टक्क्यांच्या मोजणीत ती धरत नाहीत.

आता तुमचं उदाहरण. स्पेशल अलाउन्स त्या यादीत नाहीच. म्हणजे तो पहिल्या रुपयापासून वेतन.

वगळलेले: 7,000 + 3,000 + मालकाचा पीएफ 1,800 = 11,800. (1,800 का, ते पुढे पीएफमध्ये येईलच.)
एकूण मोबदला: 41,800. निम्मे 20,900.
11,800 ही रक्कम 20,900 च्या आत आहे, तेव्हा परत काही मिळवायचं नाही.
वेतन: 14,000 + 16,000 = 30,000.

सल्लागारांच्या म्हणण्याप्रमाणे बेसिक 20,000 आणि स्पेशल 10,000 केलं तरी वेतन 30,000 च राहतं. नुसतं खातं बदललं, आकडा नाही.

ताळेबंद_बघा

वरचं बरोबर. खरा भार ग्रॅच्युइटीत आहे, म्हणून तिथे नीट बघा. सूत्र तेच: शेवटचं वेतन × 15 ÷ 26 × वर्षं.

14,000 वर: वर्षाला 8,077, सहा वर्षांचे 48,462.
30,000 वर: वर्षाला 17,308, सहा वर्षांचे 1,03,846.

दुपटीहून जास्त. हिशेब शेवटच्या वेतनावर होत असल्याने संहिता लागू झाल्यानंतर जो सोडून जाईल त्याच्या मागच्या वर्षांनाही नवा आकडा लागतो. त्यामुळे ताळेबंदातली ग्रॅच्युइटीची तरतूद याच वर्षी वाढवावी लागेल. मार्चपर्यंत थांबू नका, ॲक्च्युअरीला (ग्रॅच्युइटीचा पुढचा भार मोजणारा तज्ज्ञ) नव्या व्याख्येचा तक्ता आताच पाठवा. प्रत्येक घटक वेगळ्या रकान्यात द्या. "इतर भत्ते" असा एकच रकाना पाठवलात तर तो सगळा वेतनात धरला जाईल आणि भार फुगेल.

11 महिन्यांचे करार: निश्चित मुदतीच्या कर्मचाऱ्याला आता पाच नव्हे, एका वर्षाच्या सेवेवर ग्रॅच्युइटी आहे. 11 महिन्यांनी चार दिवसांचा खंड देऊन पुन्हा घेण्याची पद्धत असेल तर ती तुम्हाला वाचवेल या भरवशावर राहू नका, सेवा सलग धरली जाण्याचा धोका मोठा आहे. ठेकेदाराकडची माणसं वेगळी, त्यांचा मालक ठेकेदार.

ईसीआर_भरणारा

पीएफ: वैधानिक मर्यादा 15,000. वेतन 30,000 झालं तरी 15,000 च्या 12 टक्के, म्हणजे 1,800 भरलेत तरी चालतं. डिसेंबर 2025 मध्ये श्रम मंत्रालयानेही हेच स्पष्ट केलं. जास्तीवर भरणं ऐच्छिक. या माणसाचं टेक-होम 120 रुपयांनी घटेल, एवढंच.

पण 1,680 ही जुनीच चूक आहे. सगळ्यांना सरसकट मिळणारा स्पेशल अलाउन्स पीएफसाठी धरावा, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2019 मध्येच सांगितलंय. ज्यांचा बेसिक 15,000 च्या खाली आहे त्यांची जुनी थकबाकी आधी मोजून ठेवा.

ईएसआय मात्र उलटं चालतं, आणि हे कोणी तपासत नाही. उदाहरण: एकूण 27,000, त्यात बेसिक 12,000, एचआरए 6,000, वाहनभत्ता 3,000, स्पेशल 6,000. जुन्या पद्धतीत एचआरए धरला जायचा, म्हणून वाहनभत्ता धरा किंवा सोडा, हा माणूस ईएसआयच्या 21,000 च्या मर्यादेवर, म्हणजे ईएसआयबाहेर. नव्या व्याख्येत वेतन 18,000, म्हणजे आत! कर्मचाऱ्याचे 0.75 टक्के म्हणजे 135, तुमचे 3.25 टक्के म्हणजे 585. साधारण 22 ते 35 हजारांच्या पट्ट्यातला प्रत्येक माणूस असा तपासा.

पगारपत्रक_34

ईएसआयचं डोक्यातच नव्हतं, आभार. मग स्पेशल कमी करून एचआरए वाढवला तर? आणि तिसरा प्रश्न राहिला.

कलम_दोन_वाय

एचआरए 20,000 आणि स्पेशल 3,000 करून बघा. वगळलेले 24,800, निम्म्याहून 3,900 जास्त, ते परत आले. 17,000 + 3,900 = 20,900. या तळाच्या खाली कितीही नावं बदलली तरी जात नाही. शिवाय कामगाराचं नुकसान होईल असा बदल पगाराच्या मांडणीत करायचा तर औद्योगिक संबंध संहितेच्या कलम 40 खाली 21 दिवसांची सूचना लागते. कष्ट करून वाद विकत घेण्यासारखं आहे, मी करणार नाही.

हिशेब: हो, राजीनामा, बडतर्फी, नोकरकपात, कारखाना बंद, सगळ्यांना दोन कामाचे दिवस. मात्र हे वेतनासाठी. ग्रॅच्युइटीला 30 दिवस आहेत. कामगाराच्या शिल्लक रजेचा पगार मात्र त्या दोन दिवसांतच.

अडतं कुठे, तर ना-हरकत पत्रावर. स्टोअरची सही राहिली, उचल वसूल व्हायची, लॅपटॉप परत यायचा, आणि पगार पुढच्या 7 तारखेच्या फेरीत ढकलला जातो. राजीनामा आला त्याच दिवशी ना-हरकतचा फॉर्म फिरवा, उचलीची वसुली नोटीसच्या महिन्यात करा (एकूण कपात वेतनाच्या 50 टक्क्यांवर नेता येत नाही) आणि सॉफ्टवेअरमध्ये महिन्याच्या मध्ये एकट्याचा पगार काढायची सोय आहे का ते आधी बघा. कमी पैसे दिल्याचा दंड 50,000 पर्यंत. पाच वर्षांत पुन्हा तसंच झालं तर 1 लाखापर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

ताळेबंद_बघा

एक राहिलं: नियुक्तीपत्रं. ज्यांना कधीच दिली नाहीत त्यांना लागू झाल्यापासून तीन महिन्यांत द्यायची आहेत, म्हणजे फेब्रुवारी 2026 च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. पगाराचे घटक त्यातही तेच लिहा जे पगारपत्रकात आहेत. पत्रात "कन्सॉलिडेटेड 40,000" (घटक न फोडता एकच रक्कम) लिहून पगारपत्रकात एचआरए दाखवलात तर वाद झाल्यावर तो एचआरए सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येईल.