नव्या वर्षाचे नियोजन आणि मोजके स्वयंसेवक : गोव्यातील तांत्रिक लेखकांच्या गटाने काय करावे?

मांडवीकाठ (प्रश्न)

नमस्कार. तांत्रिक लेखकांच्या एका व्यावसायिक संघटनेच्या गोव्यातील गटाचे काम मी स्वयंसेवक म्हणून पाहते. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील औषधकंपन्यांत कार्यपद्धतींचे दस्तऐवज लिहिणारे, पणजी-पर्वरीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत युजर गाइड सांभाळणारे आणि पुणे-बेंगळुरूच्या कंपन्यांचे काम घरी बसून करणारे असे आमचे सभासद आहेत. जानेवारीत वर्षाच्या नियोजनाची बैठक आहे. दरमहा व्याख्यान, त्रैमासिक वार्तापत्र, महाविद्यालयांत कार्यशाळा, नवोदितांसाठी मार्गदर्शनाची योजना आणि वर्षअखेरीस एक दिवसाची परिषद अशी यादी पुढे आली आहे. यातले काहीही वगळावेसे वाटत नाही, परंतु हे सारे पेलणारी माणसे तीच ती आहेत, आणि त्यांच्या उत्साहावर दरवर्षी इतका भार टाकणे मला योग्य वाटत नाही. उपक्रम ठरवून माणसे शोधावीत, की माणसे पाहून उपक्रम ठरवावेत? आणि ज्यांना आस्था आहे पण वेळ नाही, त्यांना कामात कसे सामावून घ्यावे?

सांजवात

माणसे पाहूनच उपक्रम ठरवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बैठकीत यादी मांडण्याआधी प्रत्येकाला एवढेच विचारा, की महिन्याला किती तास देता येतील आणि कोणते महिने मुळीच जमणार नाहीत. या उत्तरांची बेरीज हीच आपली खरी शिल्लक आहे, आणि तिच्या बाहेर जाऊन आखलेला कार्यक्रम शेवटी कोणाच्या तरी झोपेतून वसूल होतो.

दुसरे असे, की मुख्य कार्यालयाकडून आलेले वेळापत्रक गोव्याच्या वर्षाशी जुळत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कार्निव्हाल आणि शिगमो येतात, त्यातच कंपन्यांचे आर्थिक वर्ष संपत असते. जून ते सप्टेंबर या काळात काणकोणच्या किंवा सत्तरीच्या सभासदाने संध्याकाळच्या व्याख्यानासाठी भर पावसात पणजी गाठून रात्री परतावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीचे दिवस माटोळीच्या (गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या सजावटीच्या) सामानात आणि घरच्या तयारीत जातात, आणि तेव्हा बैठक बोलावली तर फक्त बोलावणारेच हजर राहतात. नोव्हेंबरमध्ये पणजीत चित्रपट महोत्सव असतो, ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचे फेस्त (सेंट फ्रान्सिस झेवियरचा उत्सव) असते आणि मग नाताळ येतो. म्हणून प्रत्यक्ष भेटीचे कार्यक्रम जानेवारीचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर एवढेच ठेवावेत, पावसाळ्यात ऑनलाइन वाचनसत्रे घ्यावीत आणि वर्षअखेरची परिषद या वर्षी सोडून द्यावी. दरमहा व्याख्यानाचा आग्रहही नको. वर्षभरात नीट तयारीची चार व्याख्याने झाली, तरी सभासद समाधानी राहतील.

दस्तऐवजी

वर्षाच्या आखणीविषयी वरील मताशी मी सहमत आहे. मात्र ‘वेळ नाही’ या उत्तरामागे बहुतेकदा वेगळीच भीती असते, असे मला वाटते. एकदा हो म्हटले की काम कुठे संपणार हे कळत नाही, म्हणून माणूस आधीच मागे सरतो. आपण तर कामाची नेमकी व्याप्ती लिहून देणारी माणसे आहोत, तेव्हा हेच कौशल्य आपण संघटनेसाठी वापरायला हवे.

डिटा (DITA) या तांत्रिक मजकूर सुट्या विषयांत लिहिण्याच्या पद्धतीत संकल्पना, कृती आणि संदर्भ हे विषय वेगवेगळे लिहिले जातात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. स्वयंसेवकाचे प्रत्येक काम अशाच एका कृतीच्या पानावर लिहावे : सुरू करण्यापूर्वी काय हाताशी हवे, पायऱ्या कोणत्या, किती वेळ लागेल, पूर्ण झाले हे कशावरून ओळखायचे आणि अडल्यास कोणाला विचारायचे. ‘वार्तापत्र सांभाळा’ असे म्हटले तर कोणी पुढे येणार नाही. ‘मार्चच्या अंकातील दोन लेखांचे मुद्रितशोधन करा, त्याला तीन तास लागतील’ असे म्हटले, तर घरी लहान मूल असलेली सभासदही हो म्हणू शकते. प्रत्येक जबाबदारीला एक मुख्य आणि एक सहायक असावा, आणि पुढच्या वर्षी सहायकच मुख्य व्हावा.

आणखी एक गोष्ट मी अगदी कळकळीने सांगतो. संकेतस्थळाच्या डोमेनचे नूतनीकरण कधी आहे, ई-मेल यादीचा पासवर्ड कोणाकडे आहे, सभागृहासाठी अर्ज कोणाच्या नावे करायचा, ही माहिती एका माणसाच्या डोक्यात राहू देऊ नका. जानेवारीच्या बैठकीत पहिला अर्धा तास ही पाने लिहिण्यासाठीच द्या आणि नव्या सभासदाला ती वाचून काम करता येते का, हे तिथेच पाहा. वापरासाठीच्या सूचनांच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मानकातही, म्हणजे ८२०७९-१ मध्ये, माहितीचे मूल्यमापन ती वापरणाऱ्यांकडून करून घेण्यावर भर आहे.

पर्वरीकडचा सभासद

मी पैशांच्या बाजूने लिहितो. अमेरिकेतील सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन ही १९५३ पासूनची परंपरा सांगणारी आमच्या व्यवसायातील मोठी संस्था जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरी जाहीर करून बंद झाली, आणि त्याचे मला मनापासून दुःख झाले. घटती सभासदसंख्या आणि घटते उत्पन्न यांतून एवढी जुनी संस्थाही सावरू शकली नाही, तेव्हा आपल्यासारख्या लहान गटाने परिषदेच्या शुल्कावर वर्षाचा खर्च बेतू नये. व्याख्यात्याचा प्रवास आणि सभागृहाचे भाडे एवढे तरी वर्गणीतून भागावे. हिशेब एप्रिल ते मार्च असा असतो, हे ध्यानात घेऊन जानेवारीचे नियोजन करताना पहिले तीन महिने जुन्या अंदाजपत्रकातच बसवा.

सांजवात यांच्याशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. परिषद सोडावी, पण महाविद्यालयांतील कार्यशाळा सोडू नये. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना हा व्यवसाय आहे हेच जर कळले नाही, तर पाच वर्षांनी कार्यकारिणीत बसायला कोण येईल? त्यासाठी मोठा कार्यक्रम नको. विद्यार्थ्यांनी आपल्या प्रकल्पाचे अहवाल आणावेत आणि आपल्यापैकी दोघांनी ते त्यांच्याबरोबर बसून सुधारावेत, एवढे पुरे.

मांडवीकाठ

सर्वांचे आभार. परिषद या वर्षी नको, असे मी बैठकीत सुचवणार आहे, आणि तास विचारणारा छोटा अर्ज या आठवड्यातच सभासदांना पाठवते. कृतीच्या पानांचा नमुना ‘दस्तऐवजी’ यांनी करून दिल्यास मोठी मदत होईल. कार्यशाळेसाठी पर्वरीच्या सभासदांबरोबर फोंडा परिसरातील एक जण हवा आहे. सत्र सुरू झाल्यावर, पण परीक्षांच्या आधी, शनिवारी सकाळी ज्यांना जमेल त्यांनी येथेच कळवावे.