मॉर्मन श्रद्धा आणि परंपरागत ख्रिस्ती शिकवण : खरी सीमारेषा कुठे आहे?

पैलतीर (धागाकर्ता)

मॉर्मन पंथाचा विषय निघाला की मराठीतली चर्चा बहुपत्नीत्व, चहा-कॉफीचा निषेध आणि पांढरा सदरा घालून जोडीजोडीने हिंडणारे तरुण प्रचारक यांच्याभोवतीच घुटमळते. यांपैकी बहुपत्नीत्वाची प्रथा पंथाचे तत्कालीन अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी १८९० मध्ये जाहीरनामा काढून थांबवली, आणि खाण्यापिण्याचे निर्बंध तर कोणत्याही पंथाला असू शकतात. मला वाटते, या पंथाला परंपरागत ख्रिस्ती धर्मापासून तोडणारा मुद्दा एकच आहे : देव कोण आहे आणि माणसाशी त्याचे नाते कोणत्या जातीचे आहे.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्क राज्यातील पाल्मायराजवळ राहणाऱ्या जोसेफ स्मिथ या शेतकऱ्याच्या मुलाला, त्याच्याच कथनानुसार, १८२० मध्ये रानात प्रार्थना करताना पिता आणि पुत्र अशा दोन वेगळ्या व्यक्तींचे दर्शन झाले आणि अस्तित्वात असलेल्या कोणत्याही मंडळीत सामील होऊ नकोस, कारण सर्वांचे मतांगीकार (श्रद्धेची ठरलेली सूत्रे) देवाला अमान्य आहेत, असे त्याला सांगण्यात आले. पुढे सोन्याच्या पत्र्यांवरून भाषांतरित केला असे सांगून त्याने १८३० मध्ये 'बुक ऑफ मॉर्मन' प्रसिद्ध केले, ज्यात पुनरुत्थानानंतर येशू अमेरिका खंडात प्रकट झाल्याचे वर्णन आहे. त्याच वर्षी ६ एप्रिलला मंडळीची स्थापना झाली.

आता मूळ मुद्दा. ३२५ मध्ये नायसिया आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या धर्मपरिषदांतून जी शिकवण निश्चित झाली, तिच्यानुसार पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती असल्या तरी त्यांचे तत्त्व एकच आहे. देव अनादी आहे, निराकार आहे आणि त्याने विश्व शून्यातून निर्माण केले. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक सर्व प्रोटेस्टंट मंडळ्या आपापसांत कितीही भांडल्या, तरी या पायावर त्या एकत्र उभ्या आहेत. स्मिथने मात्र १८४३ मध्ये असे शिकवले की पित्याला माणसासारखेच हाडामांसाचे शरीर आहे, पुत्रालाही आहे, फक्त पवित्र आत्मा तेवढा अशरीरी आहे. हे वचन आजही मॉर्मनांच्या 'डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स' या शास्त्रग्रंथाच्या १३० व्या अध्यायात आहे. एप्रिल १८४४ मध्ये, म्हणजे अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाकडून मारला जाण्याच्या जेमतेम तीन महिने आधी, त्याच राज्यातील नाऊवू येथील एका श्रद्धांजलीपर प्रवचनात त्याने याही पुढे जाऊन सांगितले की देव एके काळी आपल्यासारखाच माणूस होता, आणि विश्व शून्यातून निर्माण झाले नसून मुळात असलेल्या द्रव्याची देवाने फक्त रचना केली.

या दोन विधानांचा अर्थ असा की देव आणि माणूस एकाच जातीचे आहेत. त्यांच्यातील अंतर वाटचालीचे आहे; निर्माता आणि निर्मिती यांच्यात असते तसले ते नाही. परंपरागत ख्रिस्ती धर्म ज्या दरीवर उभा आहे, ती दरीच येथे बुजवली जाते. म्हणून मी मॉर्मन श्रद्धेला ख्रिस्ती धर्माची शाखा न मानता त्यातून निघालेला वेगळा धर्म मानतो. मतभेद असणाऱ्यांनी अवश्य लिहावे.

युटामधला मराठी

आपली मांडणी नेटकी आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. मी स्वतः हिंदू आहे, तथापि माझे बहुतेक शेजारी आणि सहकारी मॉर्मन असल्यामुळे त्यांच्या रविवारच्या उपासनेला काही वेळा गेलो आहे. तेथे पगारी धर्मगुरू नसतात. सोळा-सतरा वर्षांची दोन मुले सर्वांसमोर पाव मोडतात, त्यांतला एक जण ठरलेली प्रार्थना वाचतो, आणि तिच्यात एक शब्द जरी चुकला तरी पुढे बसलेला बिशप (हा मंडळीचा बिनपगारी स्थानिक प्रमुख) खूण करतो आणि मुलगा कानाच्या पाळ्या लाल झालेल्या अवस्थेत ती पुन्हा पहिल्यापासून वाचतो. मग पाव आणि द्राक्षारसाऐवजी पाण्याचे इवलेसे पेले ओळीओळीने फिरतात. त्या प्रार्थनेत मागणे एवढेच असते की आम्ही तुझ्या पुत्राचे नाव धारण करू आणि सदैव त्याचे स्मरण ठेवू. येशूचे पापासाठीचे प्रायश्चित्त, त्याचे क्रूसावरील मरण, त्याचे सदेह पुनरुत्थान, त्याचे पुन्हा येणे, यांतले काहीही हे लोक नाकारत नाहीत. अशा माणसाला 'तू ख्रिस्ती नाहीस' असे सांगण्याचा अधिकार तिऱ्हाइताला कोणी दिला?

दुसरे असे की आपण ३२५ हे साल मोजपट्टी म्हणून घेतले आहे. पेत्र आणि पौल या आद्य प्रेषितांनी नायसियाचा मतांगीकार कधी म्हटला नव्हता. दुसऱ्या शतकातील जस्टिन मार्टर हा परंपरेने संत मानलेला लेखक पुत्राला पित्याहून संख्येने वेगळा असा 'दुसरा देव' म्हणतो आणि देवाने विश्व आकारहीन द्रव्यापासून घडवले असेही लिहितो. चौथ्या शतकातील अथानासियस या नायसियाच्या कट्टर समर्थक बिशपने तर, आपण देव व्हावे म्हणून तो माणूस झाला, असे स्वच्छ म्हटले आहे. जस्टिन आणि अथानासियस आत, मग स्मिथच तेवढा बाहेर का?

सावली

एवढ्या खोलात जाण्याची गरजच काय? बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, म्हणजे प्रकटीकरणात, या ग्रंथात कोणी भर घालू नये अशी ताकीद आहे. मॉर्मनांनी एक नव्हे तर तीन ग्रंथांची भर घातली. विषय संपला.

चिकित्सक

सावली, विषय इतक्या सहज संपत नाही. ती ताकीद प्रकटीकरण या पुस्तकापुरती आहे. जवळजवळ तीच ताकीद जुन्या करारातील 'अनुवाद' नावाच्या पाचव्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातही आहे, आणि ती अक्षरशः घेतली तर त्यानंतरचा सगळा जुना करारच बाद करावा लागेल.

शिवाय ग्रंथ हीच कसोटी असती तर कम्युनिटी ऑफ क्राइस्टचे काय करायचे? स्मिथच्या मृत्यूनंतर जे लोक मुख्य पंथाचा पुढचा नेता ब्रिगहॅम यंग याच्याबरोबर युटाला गेले नाहीत, त्यांच्यातील काहींनी १८६० मध्ये स्मिथचा मुलगा जोसेफ स्मिथ तिसरा याच्या नेतृत्वाखाली वेगळी मंडळी उभारली. तिचे मुख्यालय मिसुरीतील इंडिपेंडन्स येथे आहे. ही मंडळी 'बुक ऑफ मॉर्मन'ला आजही शास्त्रात स्थान देते, पण त्रैक्याचा, म्हणजे तीन व्यक्ती पण एकच तत्त्व हा, सिद्धांत स्वीकारते. आणि २०१० मध्ये अमेरिकेतील प्रोटेस्टंट व ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या राष्ट्रीय परिषदेने तिला सदस्यत्व दिले. ग्रंथ तोच, मूळ पुरुष तोच, तरीही दार उघडले गेले, कारण देवाविषयीची शिकवण जुळली. पैलतीर यांच्या मूळ मुद्द्याला याहून बळकट पुरावा मला सुचत नाही.

मात्र त्यांच्या मांडणीतली एक उणीव दाखवतो. त्यांनी १८३० पासून १८४४ पर्यंतचा स्मिथ एकसारखा रंगवला आहे. १८३० च्या 'बुक ऑफ मॉर्मन'मध्ये पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे 'एक देव' आहेत असे स्पष्ट वाक्य आहे. इतकेच नव्हे, पहिल्या आवृत्तीत येशूची आई मरिया हिला देहधारणेच्या (देवाने मानवी देह घेण्याच्या) दृष्टीने 'देवाची आई' म्हटले होते, आणि १८३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत तेथे 'देवाच्या पुत्राची आई' असा बदल झाला. कॅथलिक वाचकाला पहिल्या आवृत्तीतला शब्द खटकला नसता! ज्याला आपण मॉर्मन देवकल्पना म्हणतो ती बव्हंशी नाऊवूमधील शेवटच्या काही वर्षांत घडली.

वसईकर

मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमच्या बाजूचा एक निर्णय नोंदवतो, कारण त्यात हा सगळा वाद एका ठिकाणी सापडतो. कॅथलिक ख्रिस्तसभा बाप्तिस्म्याच्या बाबतीत फार उदार आहे. ल्यूथरन किंवा मेथडिस्ट मंडळीत झालेला बाप्तिस्मा आम्ही ग्राह्य धरतो, आणि निकडीच्या प्रसंगी बाप्तिस्मा न झालेल्या माणसानेसुद्धा योग्य हेतूने आणि योग्य शब्दांनी तो दिला तर तो चालतो. मॉर्मन बाप्तिस्म्यात पाणी असते, संपूर्ण बुडवणे असते आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने हे शब्दही असतात. तरीही ५ जून २००१ रोजी रोमने हा बाप्तिस्मा ग्राह्य नाही असा निर्णय दिला, आणि त्यावर तेव्हाचे कार्डिनल राटझिंगर, म्हणजे नंतरचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांची सही आहे. कारण असे दिले गेले की शब्द तेच असले तरी ज्यांना उद्देशून ते उच्चारले जातात ते पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ख्रिस्तसभेला अभिप्रेत असलेले नाहीत.

युटामधला मराठी यांनी अधिकाराचा प्रश्न विचारला म्हणून हेही सांगतो, की दार दोन्ही बाजूंनी बंद आहे. उद्या मी मॉर्मन झालो तर माझा वसईच्या चर्चमधला बाप्तिस्मा ते धरणार नाहीत, पुन्हा घ्यायला लावतील. त्यांच्या मते प्रेषितांच्या मृत्यूनंतर धर्माधिकारच पृथ्वीवरून नाहीसा झाला होता आणि तो स्मिथच्या हाताने परत आला. जी मंडळी आमच्या सतराअठराशे वर्षांना धर्मभ्रष्टतेचा काळ म्हणते, तिने आम्हीच तिला बाहेर ठेवतो अशी तक्रार करणे मला पटत नाही.

(जाता जाता : ही शिकवण आपल्याकडे अगदी नवी नाही. ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला होता आणि पुण्यातही त्याने छोटीशी मंडळी जमवली होती. ती टिकली नाही.)

युटामधला मराठी

बाप्तिस्म्याचा मुद्दा परस्पर आहे हे खरे. पण कृपा आणि कर्मे यांविषयी, म्हणजे तारण देवाच्या कृपेने होते की माणसाच्या कृतींनी याविषयी, कोणी बोललेच नाही, म्हणून लिहितो. इव्हँजेलिकल (बायबलवर भर देणारे प्रोटेस्टंट) टीकाकार नेहमी 'बुक ऑफ मॉर्मन'मधील एक ओळ पुढे करतात : आपल्याकडून शक्य ते सर्व केल्यानंतर कृपेने आपले तारण होते. यावरून मॉर्मन लोक कर्मांनी तारण मानतात असा निकाल दिला जातो. हाच आरोप ल्यूथरच्या काळापासून कॅथलिकांवरही होत आला आहे, त्यामुळे ही सीमारेषा तरी निश्चित नाही.

उलट परलोकाविषयीची त्यांची कल्पना मला अधिक दयाळू वाटते. स्वर्ग आणि नरक अशी दोनच दारे नाहीत. वैभवाच्या तीन पायऱ्या आहेत, आणि सर्वात खालच्या पायरीवरही जवळजवळ प्रत्येकाला जागा आहे. ज्याच्या कानावर शुभवर्तमान कधी पडलेच नाही अशा मृतासाठी जिवंत वंशज मंदिरात बाप्तिस्मा घेतो, आणि तो स्वीकारायचा की नाही हे त्या आत्म्याच्या इच्छेवर सोडले जाते. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात मृतांसाठीच्या बाप्तिस्म्याचा उल्लेख आहेच. आदिपाप, म्हणजे आदामाच्या पापाचा दोष प्रत्येकाला जन्मतःच लागतो ही कल्पनाही ते मानत नाहीत. आदामाचे पतन त्यांच्या दृष्टीने मानवाच्या आनंदासाठी आवश्यक पाऊल होते, म्हणून तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा न देता तो आठव्या वर्षी दिला जातो.

आणि देव पूर्वी माणूस होता या शिकवणीवर आजच्या व्यासपीठावरून फारसा भर नसतो. १९९७ मध्ये पत्रकारांनी विचारले तेव्हा पंथाचे तेव्हाचे अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांनी, आम्ही हे शिकवतो असे मला वाटत नाही, अशा आशयाचे उत्तर दिले होते.

पैलतीर (धागाकर्ता)

चिकित्सक यांची दुरुस्ती मोलाची आहे. तिने माझा मुद्दा अधिक टोकदार होतो, कारण देवाची कल्पना बदलल्यावरच वाट वेगळी झाली हे त्यातून दिसते.

आता जस्टिन आणि अथानासियस. जस्टिनची भाषा नायसियाच्या कसोटीला उतरत नाही, हे मान्य. आकारहीन द्रव्याचा उल्लेखही त्याच्या लेखनात आहे. पण विश्वपिता हा स्वतः कधी काळी मर्त्य होता, असे त्याने कुठे सुचवले आहे का? त्याच्या दृष्टीने पिता हा कोणापासूनही न जन्मलेला आहे. अथानासियसचे वाक्य तर संदर्भातून उचललेले आहे. त्याचा सारा जन्म पुत्र हा निर्मित नाही हे सिद्ध करण्यात गेला. पुत्र स्वभावतः देव आहे म्हणूनच तो आपल्याला कृपेने देवाच्या जीवनात सहभागी करू शकतो, असा त्याचा युक्तिवाद आहे. सहभागी होणारा माणूस निर्मितच राहतो. लोखंड विस्तवात लाल होते म्हणून विस्तव कधी लोखंड होता असे ठरत नाही.

हिंकली यांच्या उत्तराविषयी एवढेच म्हणेन की भर कमी होणे आणि शिकवण मागे घेणे यांत फरक आहे. १३० वा अध्याय शास्त्रात जसाच्या तसा आहे, आणि पंथाच्या १९९५ च्या कुटुंबविषयक घोषणापत्रात माणसाला 'स्वर्गीय मातापित्यांचे' अपत्य म्हटले आहे. स्वर्गात पित्याबरोबर माताही आहे, हे वाक्य कोणत्या परंपरागत चर्चच्या प्रश्नोत्तरीत सापडेल?

सावली

माझे मागचे विधान घाईचे वाटले असेल तर वाटो. पण या सगळ्याने प्रत्यक्ष आयुष्यात काय फरक पडतो, ते कोणी सांगेल का?

वसईकर

लग्नात पडतो. कॅथलिक मुलीने ल्यूथरन मुलाशी लग्न ठरवले तर बिशपांची परवानगी लागते, पण ते दोन बाप्तिस्माधारकांमधील लग्न ठरते. मुलगा जन्मापासून मॉर्मन असेल तर २००१ च्या निर्णयामुळे तो बाप्तिस्मा न झालेला धरला जातो, आणि मग हिंदू किंवा मुस्लिम वराच्या बाबतीत लागते तशी विशेष सूट घ्यावी लागते.

युटामधला मराठी

आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर अनंतकाळासाठीचा विवाहविधी मंदिराच्या आत होतो, जिथे पात्रतेचा दाखला नसलेल्याला प्रवेश नाही. वधूचे आईवडील कॅथलिक असतील तर ते बाहेर प्रतीक्षागृहात बसतात. आधी सर्वांसमक्ष नागरी विवाह केला तर अमेरिकेत मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबावे लागत असे. ती अट २०१९ मध्ये काढली गेली, त्यामुळे आता निदान पहिला समारंभ तरी त्यांना पाहता येतो.