जुन्या गाडीची बॅटरी केबल: जेवढी जाड तेवढी चांगली?

कार्बोरेटर:
माझी १९६१ची बीटल आहे, ६ व्होल्टची. थंड असताना सुरू व्हायची पण इंजिन तापलं की सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर) रडत रडत फिरायचा. बॅटरी नवीन, सेल्फ खोलून बघितला तर आतले कार्बन ब्रशही ठीक. शेवटी केबल काढली. आधीच्या मालकाने कुठल्यातरी १२ व्होल्टच्या गाडीची रेडीमेड केबल टाकलेली, वरून बोटाएवढी जाड पण कापली तर आत जेमतेम १६ स्क्वेअर एमएम तांबं, बाकी सगळं रबर! मी दोन्ही केबल ७० स्क्वेअरच्या करून घेतल्या आणि तापलेल्या इंजिनावर गाडी पहिल्या झटक्यात उठली. त्यामुळे माझं मत पक्कं आहे, ६ व्होल्टला बसेल तेवढी जाड केबल घाला. तेवढीच ताकद काढायला १२च्या दुप्पट करंट ओढला जातो, आणि वाटेत अर्धा व्होल्ट गेला तर इथे तो बारावा हिस्सा असतो. मूळ मापाच्या हट्टापायी लोक चांगले सेल्फ बदलत बसतात.

अर्थिंगआधी:
असहमत. केबल बदलताना तुम्ही बॅटरीचे पोस्ट (वर आलेली शिशाची टोकं) घासले असणार, थिंबल (केबलच्या टोकाला बसवतात ते भोकवालं धातूचं टोक) नवीन आले, नट नीट आवळले गेले, मग फरक नुसता जाडीनेच पडला हे कशावरून? हिशोब करू. १६ स्क्वेअर तांब्याच्या एक मीटरचा रेझिस्टन्स साधारण १.१ मिलिओहम, सेल्फने ३०० अँपिअर ओढले असं धरलं तर ०.३ व्होल्टच्या आसपास गेले. ७० स्क्वेअरला ०.०७. म्हणजे मीटरमागे पाव व्होल्ट वाचला, तो मान्यच आहे. पण एक गंजलेला जोड एकटा याहून जास्त खातो. बीटलचं इंजिन-गिअरबॉक्स रबरावर बसतं, सेल्फचा सगळा करंट परत यायला गिअरबॉक्स ते बॉडी एक विणलेली पट्टी असते, ती बघितलीत का? रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं व्हायला नको. इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची वायर काढा, कोणालातरी सेल्फ मारायला सांगा, मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टच्या शिशावर धरा (क्लॅम्पवर नाही, नाहीतर क्लॅम्पचा जोड मापातून सुटतो) आणि दुसरं सेल्फच्या बॉडीवर. आकडा इथे टाका.

डिकीतबॅटरी:
अर्थिंगचं बरोबर आहे पण जाडीला इतकं किरकोळ समजू नका. माझी जुनी मिनी, बॅटरी मागे डिकीत आणि सेल्फ पुढे, केबल गाडीच्या पोटाखालून सगळी लांबी जाते. अशा साडेतीन मीटरला २५ स्क्वेअर आणि ५० स्क्वेअर यात खरंच फरक पडतो, १२ व्होल्ट असूनसुद्धा. लांबी न विचारता केबलचं माप सांगणाऱ्याचं ऐकूच नका. आणि स्वस्त केबल घेताना टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, तेवढंच काम करायला तांब्याच्या दीडपटीहून जाड घ्यावं लागतं. अजून एक, माझ्यासारखी पॉझिटिव्ह अर्थवाली (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेली) गाडी असेल तर अर्थच्या केबलला मोठ्या भोकाचा क्लॅम्प लागतो कारण पॉझिटिव्ह पोस्ट निगेटिव्हपेक्षा जाड असतो. रेडीमेड अर्थ केबलचा क्लॅम्प त्यावर ठोकून बसवू नका, बॅटरीचा पोस्ट हलतो. मी स्वतः वेल्डिंग केबल वापरली, बारीक तारांची, हवी तशी वळते.

मूळरूप:
वेल्डिंग केबलला माझा विरोध आहे. तिचं रबर बहुतेक वेळा तेल-पेट्रोल सोसत नाही, फुगतं, मऊ पडतं आणि तुमची तर गाडीखालून जाते, तिथे घासून तांबं उघडं पडलं तर मधे फ्यूजही नाही, थेट बॅटरी शॉर्ट! गाडीसाठी म्हणून बनवलेली केबलच घ्या. थिंबलही हातोडीने चेपू नका, नुसतं सोल्डर ओतूनही सोडू नका, सोल्डर तारांमधे वर चढतं तिथे केबल कडक होते आणि हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते. हायड्रॉलिक क्रिंप (मशीनने दाबून घट्ट) करून घ्या. आणि क्लॅम्प, रंग, वळणं मूळसारखी ठेवूनही आत पुरेसं तांबं बसतं, बॉनेट उघडल्यावर ट्रकची केबल दिसायला नको असं मला मनापासून वाटतं.

कार्बोरेटर:
मापलं. अर्थच्या बाजूला ०.८ व्होल्ट! मग गाडीखाली गेलो, पट्टी मातीच्या थराखाली होती, खरवडली तर हिरवी पडलेली आणि अर्ध्याहून जास्त तारा हाताला लागताच गळून पडल्या. ॲक्सिलरेटरची केबल मधूनमधून जड का जायची तेही कळलं, करंट तिच्यातून वाट काढत असणार. नवीन पट्टी टाकली, दोन्ही बाजूंचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, आता ०.१५. अर्थिंगआधी, तुमचे खरंच आभार. तरी ७० स्क्वेअर मी काढणार नाही, ६ व्होल्टला तेवढी हवीच.

अर्थिंगआधी:
काढू नका, पण ३५ स्क्वेअर पुरली असती असंच मी अजूनही म्हणेन. आता सेल्फ फिरताना बॅटरीच्या पोस्टपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंतचा आकडाही घ्या, पॉझिटिव्ह बाजू अजून कोणी मापलेलीच नाही.